वावर विकून ‘जनुक-कात्री’चा नंबर लावू का?

*सर, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, नववीत. दोन वर्षांचा असताना त्याला सिकल सेल हा रक्ताचा आजार निघाला, एसएस पॅटर्न, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती खराब. आम्ही नवरा-बायको दोघंही एएस, म्हणजे एकेक प्रत खराब, हे तेव्हाच कळलं. वर्षातून तीन-चार वेळा असं दुखणं उठतं की पोरगा रात्रभर कण्हतो. मागच्या हिवाळ्यात आठ दिवस दवाखान्यात होता. महिन्याभरापूर्वी ओळखीतून एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, जंतूंपासून काढलेली एक कात्री असते, एक इंजेक्शन दिलं की खराब जीन कापून टाकते, अमेरिकेत लोक बरे झाले, आमच्या केंद्रात अठरा लाखांत होतं. दोन लाख भरले की नंबर लागतो. तोवर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर इंजेक्शन लागू पडत नाही, असंही म्हणाले. आमचं तीन एकर वावर आहे. गिऱ्हाईक तयार आहे, पेरणीच्या आधी त्याला हो-नाही सांगायचं आहे. मोठी मुलगी अकरावी सायन्सला आहे. ती त्यांना म्हणाली, “जंतू म्हणजेच रोग ना? मग जंतूंकडे रोगाशी लढायची कात्री कशाला असेल? त्यांना काय ताप येतो?” तो माणूस हसला. मला हसू आलं नाही. तुम्ही सांगा.*

*— एक आई, वरोरा तालुका*

ताई, वावर विकू नका. दोन लाख भरू नका. आणि गोळ्या खरंच बंद केल्या असतील, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि त्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारा. बाकीचं मग वाचा.

आता एक कबुली द्यायला हवी. त्या गृहस्थांनी सांगितलेलं सगळंच खोटं नाही. जंतूंकडून घेतलेली कात्री आहे. तिच्यामुळे अमेरिकेत सिकल सेलचे काही रुग्ण दुखण्यातून सुटले, हेही खरं. निव्वळ थाप असती तर तुम्हीच त्यांना दारातून परत पाठवलं असतं. खऱ्याला खोट्याचं अस्तर लावलं की ते ओळखू येत नाही, म्हणून मला ते अस्तर उसवून दाखवावं लागेल. त्याची सुरुवात तुमच्या लेकीच्या प्रश्नापासूनच होते. तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला.

जंतूंना ताप येत नाही, पण ते आजारी पडतात. पडतात कसले, पटापट मरतात. जिवाणूंना गाठणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. पृथ्वीवर त्यांची संख्या एकावर एकतीस शून्यं इतकी असावी असा अंदाज आहे. एखादा फाज जिवाणूच्या अंगावर येऊन बसतो, सुई टोचावी तसा आपला डीएनए आत सोडतो, आणि अर्ध्या तासात आतून शंभर-दीडशे नवे फाज त्या जिवाणूला फोडून बाहेर पडतात. अब्जावधी वर्षं ही मारामारी चालू आहे. ज्याच्यावर इतकी वर्षं हल्ला होतो तो काहीतरी शिकतोच.

पहिली गोष्ट जी तो शिकला ती लेकीला पुढच्या वर्षी बारावीच्या पुस्तकात भेटेल. रेस्ट्रिक्शन एन्झाइम. ही पण कात्रीच. उदाहरणार्थ इको आर वन नावाचं एन्झाइम डीएनएवर जीएएटीटीसी ही सहा अक्षरं ओळीने दिसली की तिथे कापतं. जिवाणू स्वतःच्या डीएनएतल्या त्या जागांवर रासायनिक खूण करून ठेवतो, म्हणून तो स्वतः वाचतो. पाहुण्या फाजवर खूण नसते, त्याचे तुकडे होतात. या शोधासाठी वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं. अशाच कात्र्यांनी माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत बसवलं गेलं आणि १९८२ साली ते इन्सुलिन औषध म्हणून आलं. तुमच्या गावात कुणी शुगरसाठी इन्सुलिन घेत असेल, तर जंतूंच्या हत्याराचा उपकार तुमच्या गावावर आधीच झालेला आहे.

पण सहा अक्षरांच्या पत्त्याची एक अडचण आहे. माणसाचा डीएनए म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी, आणि अक्षरं फक्त चार. लेकीला गणित करायला सांगा: चाराचा सहावा घात ४०९६. म्हणजे दर चार हजार अक्षरांमागे ही सहा अक्षरं सरासरी एकदा सापडणार. अशी कात्री माणसाच्या पेशीत सोडली तर ती सात लाखांहून जास्त ठिकाणी कापेल. पेशीचा भुगाच. परीक्षानळीत ती कामाची, माणसाच्या पेशीतल्या एका ठरावीक जागेसाठी नाही.

जिवाणूंचं दुसरं हत्यार मात्र पत्ता लक्षात ठेवणारं निघालं. तेच क्रिस्पर.

ही गोष्ट मी वर्गात गोधडीच्या आधाराने सांगायचो. आजीची गोधडी आठवा. कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या धोतराचा, कुणाच्या झबल्याचा तुकडा. प्रत्येक तुकडा वेगळा, आणि त्यांना जोडणारा धावदोरा मात्र सगळीकडे सारखा. १९८७ साली जपानमध्ये ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी ई. कोलाय या जिवाणूचं एक जनुक वाचत होते. त्याच्या शेजारी त्यांना असंच काहीतरी दिसलं: २९ अक्षरांचा एकच मजकूर पुन्हा पुन्हा, आणि मध्ये ३२-३२ अक्षरांचे वेगवेगळे तुकडे. याचा अर्थ माहीत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहून टाकलं. अलीकडे असं लिहिणारे फार दिसत नाहीत.

पुढे स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका नावाचा तरुण आलिकांतेजवळच्या मिठागरांत राहणारे सूक्ष्मजीव अभ्यासत होता. त्यालाही हीच वीण दिसली, आणि तिने त्याची पाठ सोडली नाही. धावदोऱ्याकडे सगळेच बघत होते. हा तुकड्यांकडे बघायला लागला. हे कापड आलं कुठून? २००३ च्या सुमारास संगणकावर जुळवाजुळव करताना त्याला ई. कोलायमधला एक तुकडा एका फाजच्या डीएनएशी तंतोतंत जुळलेला सापडला. आणि तो जिवाणू त्या फाजला दाद देत नाही हे आधीपासून माहीत होतं! म्हणजे ही गोधडी शत्रूंच्या फाडलेल्या कपड्यांची होती. हल्लेखोराच्या धोतराचा तुकडा फाडून घ्यायचा, आपल्या गोधडीत शिवून ठेवायचा, आणि ती गोधडी लेकीबाळींना वारशाने द्यायची. मोहिकाचा लेख मोठ्या नियतकालिकांनी एकामागून एक परत पाठवला. तो छापून आला २००५ मध्ये. त्याच वर्षी दोन फ्रेंच गटही त्याच निष्कर्षाला आले.

पण कपडा जुळतो एवढ्यावर चोरी शाबीत होत नाही. पुरावा मिळाला तो दह्यातून.

दही-चीजच्या मोठ्या कारखान्यांत फाज म्हणजे मोठी डोकेदुखी. हजारो लिटर दुधाच्या टाकीत विरजण घातलं आणि त्यात फाज शिरले, की विरजणातले जिवाणू मरतात आणि दूध तसंच राहतं. (घरी दही लागलं नाही तर लगेच फाजला दोष देऊ नका, बहुतेक वेळा दूध थंडगार तरी असतं नाहीतर फार कढत.) डॅनिस्को या डॅनिश कंपनीतले रोडॉल्फ बारांगू आणि फिलिप ऑर्वाथ यांनी विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवर मुद्दाम फाज सोडले. बहुतेक मेले. जे थोडे तगले त्यांच्या गोधडीत नवे तुकडे शिवलेले होते, आणि ते त्या फाजचेच होते. मग त्यांनी हाताने तुकडा घालून पाहिला, जिवाणू वाचला. तुकडा काढून पाहिला, जिवाणू मेला. मार्च २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जंतूंना आठवण असते, आणि ती पुढच्या पिढीला मिळते, हे त्या दिवशी पक्कं झालं. लेकीला सांगा, तिच्यावर हसणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं.

आठवणीचं पुढे काय होतं ते थोडक्यात सांगतो. गोधडीची आरएनए-नक्कल निघते (आरएनए म्हणजे डीएनएसारखाच अक्षरांचा रेणू), तिचे वेगवेगळे तुकडे होतात, आणि कॅस९ नावाचं एक प्रथिन त्यातली एकेक चिंधी हातात धरून पेशीत गस्त घालतं. आत आलेल्या डीएनएवर त्या चिंधीशी जुळणारी २० अक्षरं सापडली, की कॅस९ तिथे डीएनएचे दोन्ही पदर कापतं.

मग ते स्वतःची गोधडीच का कापत नाही? तुकडा तर तिथेही आहे! वर्गात हा प्रश्न आला की मला आनंद व्हायचा. याचं उत्तर काठात आहे. शत्रूच्या कपड्याला त्या तुकड्याच्या लगत एक बारीक काठ असतो: घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस या जिवाणूच्या बाबतीत तो तीन अक्षरांचा, त्यातली शेवटची दोन जीजी. जिवाणू तुकडा फाडून घेताना काठ सोडून देतो. कॅस९ आधी काठ बघतं, मग कापड. काठ नाही तर हात लावत नाही. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती माणसाच्या कुठल्या कारागिराला सुचली असती की नाही, शंका आहे.

याच घसादुखीच्या जिवाणूवर काम करताना एमान्युएल शार्पांतिए यांना २०११ मध्ये कळलं की कॅस९ला चिंधीबरोबर आणखी एक आरएनए लागतो. त्यांनी आणि जेनिफर डाउडना यांनी ते दोन्ही आरएनए जोडून एकच केला आणि २०१२ च्या जूनमध्ये दाखवलं की या एका आरएनएवर आपण हवी ती २० अक्षरं लिहावीत, कॅस९ त्या पत्त्यावर जाऊन कापतं. लिथुआनियातल्या व्हिल्नियसमध्ये व्हर्जिनियस शिक्शनिस यांचाही जवळपास हाच निष्कर्ष होता, पण त्यांचा लेख काही महिने मागे पडला. २०१३ च्या सुरुवातीला फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या प्रयोगशाळांनी हे माणसाच्या पेशींत करून दाखवलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल शार्पांतिए आणि डाउडना यांना मिळालं. मला विचाराल तर मोहिकाचं नाव त्यात हवं होतं. असो.

वीस अक्षरांचं गणितही लेकीला करू द्या. चाराचा विसावा घात, सुमारे १.१ लाख कोटी. पोथी ३०० कोटी अक्षरांची. म्हणजे वीस अक्षरांचा पत्ता सहसा दुसरीकडे तंतोतंत सापडू नये. तरी एक-दोन अक्षरांच्या फरकाने जुळणारे पत्ते असतात, आणि कॅस९ कधी कधी चुकून तिथेही कापतं. म्हणून प्रत्येक पत्ता आधी कसून तपासावा लागतो.

‘जनुक-कात्री’ हे नाव मला फारसं आवडत नाही, ते यामुळेच. कापणं सोपं, त्यासाठी कात्र्या आधीही होत्या. कॅस९ची खरी करामत पत्ता शोधण्यात आहे. यापूर्वीच्या साधनांत प्रत्येक नव्या जागेसाठी नवं प्रथिन घडवावं लागायचं. इथे प्रथिन तेच, फक्त आरएनएवरची वीस अक्षरं बदलायची. पोस्टमन तोच, पाकिटावरचा पत्ता वेगळा.

आता तुमच्या घरात येतो. हा भाग जरा सावकाश वाचा.

तुमच्या मुलाच्या बीटा ग्लोबिन नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक आहे: जीएजीच्या जागी जीटीजी. तेवढ्याने हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या माळेतला एक मणी बदलतो, ऑक्सिजन कमी झाला की त्याच्या दोऱ्या वळल्या जातात, गोल पेशी विळ्यासारखी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तीच ती रात्र रात्र चालणारी वेदना. तुम्ही दोघं एएस आहात यात कुणाचाही दोष नाही. एकच खराब प्रत असलेल्यांना मलेरिया जिवावर बेतण्याचा धोका कमी असतो, म्हणून मलेरियाच्या मुलखात हे अक्षर टिकलं. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार, सगळीकडे तीच कथा. सासू काही बोलत असेल तर तिला हे वाचून दाखवा.

तो माणूस म्हणाला, कात्री खराब जीन कापून टाकते. असं होत नाही. ते जनुक कापून टाकलं तर पुरेसं हिमोग्लोबिनच बनणार नाही. नुसत्या कात्रीने अक्षर दुरुस्तही होत नाही: ती फक्त तोडते, सांधण्याचं काम पेशी स्वतः करते, आणि घाईत सांधताना एखादं-दुसरं अक्षर गाळते किंवा घुसवते. मग अमेरिकेत रुग्ण बरे झाले ते कसे? फार हुशारीने. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही चूक नसते. म्हणूनच सिकल सेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं एक प्रथिन मुकादम होऊन बाळाच्या हिमोग्लोबिनची टोळी कामावरून काढतं आणि मोठ्यांची टोळी लावतं. हा मुकादम बीसीएल११एच आहे, हे २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवलं. मुकादमाला मारून चालत नाही, त्याच्याकडे शरीरात दुसरीही कामं असतात. म्हणून कॅस९ला पत्ता दिला तो लाल पेशींपुरता त्याचा जोर वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा. तो तुकडा तोडला की लाल पेशींत मुकादमाची सत्ता ढिली पडते आणि बाळाची टोळी पुन्हा कामाला लागते. सिकलचं अक्षर तिथेच राहतं, पण त्याचा उपद्रव दबतो. कात्रीला नीट शिवता येत नाही, हे तिचं वैगुण्यच इथे औषध झालं. मला हा सगळ्या कथेतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

या उपचाराचं नाव कॅसजेव्ही. मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांना तो २०१९ मध्ये चाचणीत दिला गेला. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली, बारा वर्षांवरील रुग्णांसाठी. पुरेसा काळ लक्ष ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तरी मोठं दुखणं उठलं नाही. हे आकडे छोटे नाहीत, ताई. तुमच्या मनात आशा जागी झाली तर त्यात तुमचं काही चुकलं नाही.

पण हे ‘एक इंजेक्शन’ नाही. रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नवं रक्त बनतं त्या, यंत्राने वेगळ्या काढतात, कधी दोन-तीन खेपांत. त्या खास प्रयोगशाळेत जातात, तिथे विजेच्या झटक्याने पेशींचं आवरण क्षणभर उघडून आत कॅस९ आणि आरएनए सोडतात, मग तपासण्या. यात काही महिने जातात. त्यानंतर रुग्णाला बुसल्फान नावाचं केमोथेरपीचं जहाल औषध देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात. तोंड येतं, केस जातात, साधा जंतूही जिवावर बेतू शकतो, आणि पुढे मूल होण्याची शक्यता कमी होऊ शकते. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे आधी बोलायलाच हवं. मग बदललेल्या पेशी शिरेतून परत देतात आणि त्या रुजेपर्यंत रुग्णाला महिना-दीड महिना दवाखान्यात ठेवतात. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. रुपयांत १८ कोटींच्या पुढे. तुम्हाला सांगितले १८ लाख. ऐकणाऱ्याला परवडेल म्हणून दोन शून्यं गाळलेली दिसतात.

आता गोळ्यांकडे या, कारण त्या माणसाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. हायड्रॉक्सियुरिया काय करतं माहीत आहे? तेच. ही गोळीही बाळाचं हिमोग्लोबिन वाढवते. कात्रीइतकं नाही, कायमचं नाही, रोज घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्ताची तपासणी करून डोस ठरवावा लागतो. पण अठरा कोटींचा उपचार ज्या वाटेने जातो, त्याच वाटेवर ही गोळी तुमच्या पोराला रोज थोडं पुढे नेते आहे. ती बंद करायला सांगणाऱ्याला सिकल सेल म्हणजे काय हेच कळलेलं नाही, किंवा कळूनही त्याला फिकीर नाही. यातलं काय वाईट ते तुम्ही ठरवा. वर्षाला तीन-चार वेळा दुखणं उठतं आहे, म्हणजे डोस पुरेसा आहे का हे डॉक्टरांना विचारायची वेळ झाली आहे. वजन वाढलं की डोस वाढवावा लागू शकतो, आणि चौदाव्या वर्षी मुलं भराभर वाढतात. न्यूमोनियाची लस झाली आहे का तेही विचारा. ताप १०१ च्या पुढे गेला, छातीत दुखलं, धाप लागली, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघू नका.

कात्रीची वाट भारतात बंद आहे असं मात्र नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ देबोज्योती चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या दुसऱ्याच एका जिवाणूच्या कॅस९वर अनेक वर्षं काम करत आले आहेत. ते चुकीच्या पत्त्यावर फार कमी कापतं. सिकल सेलसाठी या संस्थेने विकसित केलेल्या उपचाराला नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ असं नाव देण्यात आलं, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. करार म्हणजे औषध नव्हे. मध्ये माणसांवरच्या चाचण्या असतात आणि त्यांना वेळ लागतो. पण ज्या रोगाकडे पिढ्यान् पिढ्या कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे कुणीतरी वीस अक्षरं लिहीत बसलं आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

आणि चाचणी म्हटलं की एक ओळख लक्षात ठेवा. भारतात नव्या उपचाराची प्रत्येक चाचणी ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ती संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते, लेक मोबाइलवर शोधून देईल. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, लेखी संमती घ्यावी लागते, आणि तुमच्या मुलाच्या वयाच्या रुग्णाला स्वतःलाही विचारावं लागतं. दोन लाख भरून नंबर लावण्याची जागा या सगळ्यात कुठेच नाही.

राहिली एक गोष्ट, जी त्या माणसाने सांगितली नाही आणि तुम्हीही विचारली नाही. सिकल सेल मुळापासून बरा करणारा एक उपचार कात्रीच्या फार आधीपासून आहे: सख्ख्या भावंडाची जुळणारी अस्थिमज्जा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. त्यासाठी एचएलए तपासणी करतात. देणारं भावंड एएस असलं तरी चालतं, एसएस नको. यातही केमोथेरपी आहे, धोके आहेत, खर्च आहे, आणि तुमच्या मुलाला आत्ता त्याची गरज आहे की गोळीचा डोस नीट करून भागेल, हे रक्तविकारतज्ज्ञानेच ठरवायचं. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांच्याकडे चिठ्ठी मागा. मात्र लेकीशी आधी शांतपणे बोला. तिचं ‘हो’ तिचंच असू द्या. जुळलं नाही तर तो तिचा गुन्हा नाही, आणि जुळूनही तिला भीती वाटली तर तिच्यावर रागावू नका. तिचा स्वतःचा पॅटर्न तपासला नसेल तर तेवढा मात्र तपासून घ्या. पुढे लग्नाच्या वेळी समोरच्याचा पॅटर्न विचारायचा की नाही, हे त्यावर ठरेल. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जुलै २०२३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सिकल सेल मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवलेली आहे.

एक कागद राहिला असेल तर तोही करून घ्या: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. दहावीच्या वर्षात ऐन परीक्षेला दुखणं उठलं तर हातात काहीतरी असेल.

तो गृहस्थ पुन्हा येईलच. वाद घालू नका. एवढंच म्हणा, “तुमच्या चाचणीचा सीटीआरआय नंबर एका कागदावर लिहून द्या, आमचे डॉक्टर बघतील.”

लेकीसाठी शेवटचं. गोधडी आणि काठ समजल्यावर ती विचारेल, मग फाज गप्प बसले का? नाही बसले. २०१३ मध्ये टोरांटोतल्या संशोधकांना असे फाज सापडले जे सोबत छोटी प्रथिनं घेऊन येतात आणि जिवाणूची कात्रीच जखडून टाकतात. त्यांना अँटी-क्रिस्पर म्हणतात. आता प्रयोगशाळेत कॅस९ला वेळेवर थांबवण्यासाठी तीच वापरून पाहतात. यापुढचा प्रश्न तिने स्वतः लिहून पाठवावा, तुमच्या पत्रात नको, वेगळ्या पानावर. आणि वावराच्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळवा. बियाणं आणायचे दिवस आलेत.